फांदीला खालची बाजू ठाऊक असते

पाऊस लागला की कुणाच्या तरी कुंपणावरून जास्वंदीची एक फांदी आपल्या घरी येते. शेजारच्या काकूंनी कात्रीने कापून दिलेली, वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड. आपण ती कुंडीत खोचतो, पाणी घालतो, आणि सगळं जमून आलं तर पुढे तिचंच लाल फूल गणपतीला वाहतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी परसबागा अशाच सुरू झाल्या आहेत.

पण हे घडतं म्हणजे नेमकं काय घडतं? त्या काडीला मुळं नव्हती. आत कुठे तयार होऊन दडून बसलेलीही नव्हती. कालपर्यंत खोड म्हणून जगणाऱ्या काही पेशींनी कापलं गेल्यावर आपलं काम बदललं आणि मूळ बनवायला घेतलं! आपलं कापलेलं बोट कधी नवा माणूस उभा करत नाही. जास्वंदीची फांदी मात्र अख्खं झाड उभं करते, आणि आपण ‘लागली वाटतं’ एवढं म्हणून पुढच्या कामाला लागतो.

झाडांची काळजी कशी घ्यावी, हे सांगणाऱ्या सूचना पुष्कळ मिळतात. रोज पाणी नको, शेंडा खुडा, उन्हात ठेवा, माती भुसभुशीत हवी. पाठ करायला गेलं तर त्या लक्षात राहत नाहीत. पण यातल्या प्रत्येक सूचनेमागे झाडाच्या पोटात चाललेली एक थक्क करणारी घडामोड आहे. ती एकदा दिसली की सूचना पाठ करावी लागतच नाही. म्हणून या जास्वंदीच्या काडीपासूनच सुरुवात करू.

ती उलटी खोचली तर काय होईल? हा प्रश्न हर्मान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात फार नेटाने विचारला. त्याने विलो झाडाच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत टांगले, काही सुलटे, काही उलटे. मुळं कुठे फुटली? झाडावर असताना जे टोक खाली होतं, त्याच टोकाला. उलट्या टांगलेल्या तुकड्यांना मुळं वरच्या अंगाला आली आणि कोंब खालच्या. तुकडा लहान करा, आणखी लहान करा, तरी तेच. 1878 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. म्हणजे फांदीच्या प्रत्येक पेराला आपली खालची बाजू ठाऊक असते!

कशी ठाऊक असते, याचं उत्तर मिळायला अर्धं शतक लागलं. 1880 मध्ये चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्यासह गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले होते. कोंब उजेडाकडे झुकतो हे सगळ्यांना माहीत होतं. डार्विन पितापुत्रांनी कोंबाचं नुसतं टोक झाकलं, तर कोंब झुकेना. उजेड टोकाला कळतो आणि वळतो मात्र खालचा भाग, म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जात असणार. पुढे 1926 च्या सुमारास हॉलंडमधल्या उट्रेख्ट इथे फ्रिट्स वेंट हा तरुण दिवसा लष्करी सेवा आणि रात्री प्रयोगशाळा असं करत होता. त्याने ओटच्या कोंबांची टोकं कापून जेलीच्या ठोकळ्यांवर ठेवली. काही वेळाने टोकं फेकून दिली आणि ती जेली शेंडा कापलेल्या कोंबावर ठेवली. कोंब पुन्हा वाढू लागला! निरोप जेलीत उतरला होता. त्या द्रव्याला आपण आज ऑक्सिन म्हणतो.

हे ऑक्सिन कोवळ्या शेंड्यात तयार होतं आणि पेशीपेशीतून खाली सरकतं. त्याला पेशीबाहेर ढकलणारी दारं मुख्यतः पेशीच्या खालच्या भिंतीवर असतात, त्यामुळे त्याची वाट एकेरी राहते. फांदी कापली की खालच्या टोकाशी वाट संपते. ऑक्सिन तिथे साचतं. साचलं की तिथल्या पेशींना हुकूम मिळतो, मुळं बनवा. नर्सरीत छोट्या डबीत मिळणारी मुळं फुटायची पावडर म्हणजे याच ऑक्सिनचं भावंड आहे.

आता छाट कलम कसं लावायचं ते आपोआप कळेल. फांदी ना फार कोवळी घ्यायची ना फार जून. डोळ्याच्या जरा खाली काप घ्यायचा, कारण पेराच्या गाठीजवळ मुळं फुटायला उत्सुक पेशी जास्त असतात. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घेतला की काडी कितीही वेळ पडून राहिली तरी खालची बाजू चुकत नाही. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची, मोठी असतील तर तीही अर्धी कापायची. पानं पाणी उडवत राहणार आणि ते भरून काढायला मुळं अजून नाहीत, म्हणून. सावलीत ठेवायची. आणि रोज उपटून बघायचं नाही!

बघायचीच हौस असेल तर दुसरी काडी काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवा आणि पाणी बदलत राहा. काही दिवसांनी खालच्या कापाच्या कडेने साल फुगते आणि तिच्यावर पांढरे, खसखशीहून थोडे मोठे, खरखरीत पुळे येतात. मग एका सकाळी त्यातल्या एखाद्यातून पांढरंशुभ्र टोक बाहेर आलेलं दिसतं. इतकं कोवळं की काचेतून आरपार उजेड दिसावा. ते मूळ आहे.

मूळ मातीत गेलं की त्याचं खरं कर्तृत्व दिसेनासं होतं. टोकाच्या थोडं मागे त्याला डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी लव फुटते. एकेक केस म्हणजे एकच पेशी, मातीच्या दोन कणांमधल्या फटीत घुसलेली. पाणी आणि क्षार शोषण्याचं बरंचसं काम ही लव करते. 1937 मध्ये हॉवर्ड डिटमर या अमेरिकी संशोधकाने राय या धान्याचं चार महिन्यांचं एकच रोप घेतलं, त्याची मुळं धुतली आणि मोजमाप केलं. जेमतेम दोन घनफूट मातीच्या पेटीत वाढलेल्या त्या एका रोपाच्या मुळांची एकत्र लांबी भरली सुमारे 620 किलोमीटर. मुंबईहून निघून पणजी गाठता येईल एवढी. आणि लव? सुमारे 1400 कोटी केस, एकत्र लांबी 10 हजार किलोमीटरहून जास्त. एका रोपाची!

म्हणूनच नर्सरीतून आणलेलं रोप पिशवीतून काढताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा झटकून टाकू नये. मुळं शाबूत दिसतात, पण ती लव मातीच्या कणांसकट तुटून जाते. दुसऱ्या दिवशी रोप मान टाकतं आणि आपल्याला वाटतं, जागा मानवली नाही. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, गोळा आहे तसा कुंडीत ठेवायचा, कामही संध्याकाळी करायचं. लव पुन्हा फुटते, फक्त तिला थोडे दिवस सावलीत द्यावे लागतात.

आता पाण्याकडे येऊ, कारण घरगुती बागेतली सगळ्यात जास्त झाडं पाण्याच्या लाडाने जातात.

मुळं श्वास घेतात. पानं उन्हात साखर बनवतात, ती खाली मुळांपर्यंत पोचते आणि मुळं ती ऑक्सिजनच्या मदतीने जाळून वाढीसाठी ऊर्जा मिळवतात. हा ऑक्सिजन येतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. आपण पाणी ओततच राहिलो तर त्या पोकळ्या पाण्याने भरून जातात. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट संथपणे पसरतो. विचार करा, दहा हजार पट! मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळाची पाणी आत घेणारी दारं मिटतात. आणि मग घडतो तो चकवा, ज्याने भल्याभल्यांना फसवलं आहे. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने कोमेजतं. पानं लोंबतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण आणखी एक तांब्या ओततो.

मग ओळखायचं कसं? बोटाने. मातीत दोन पेरं बोट घाला. आत ओलं लागलं आणि तरीही झाड मलूल असलं तर पाणी बंद, कुंडी सावलीत. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत भरपूर पाणी. रोज घोटभर देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण वरून झिरपत खाली गेलेलं पाणी जाताना मागे ताजी हवा ओढून घेतं.

इथेच एक जुनी सवय तपासून बघायला हवी. निचरा चांगला व्हावा म्हणून आपण कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा, खडीचा थर देतो. अगदी तर्कशुद्ध वाटतं ना? पण पाणी बारीक कणांच्या मातीतून मोठ्या फटींच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. बारीक फटींची पकड जास्त असते. वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ती थेंब सोडत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तो उभा करा, पुन्हा पाण्याची धार लागेल. कुंडीतली माती तशीच वागते. तळाचा ठरावीक उंचीचा भाग चिंबच राहतो, आणि ही उंची मातीच्या प्रकारावर ठरते. खडीचा थर दिला की तो चिंब पट्टा तेवढाच राहून नुसता वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ! म्हणून भोकावर एक खापराचा तुकडा पुरे, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. खरा उपाय मातीतच करायचा. पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट आणि जाडसर वाळू असं एकजीव मिश्रण कुंडीच्या तळापासून भरायचं.

माती भरली, आता झाड ती खाणार. खाणार ना? सतराव्या शतकापर्यंत सगळे असंच मानत होते. यान बाप्टिस्टा फान हेलमाँट या फ्लेमिश वैद्याने मात्र ते मोजून पाहिलं. त्याने भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती कुंडीत भरली, 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं 169 पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट फक्त 2 औंस. म्हणजे जेमतेम साठ ग्रॅम! उरलेलं सत्तर-पंचाहत्तर किलो लाकूड, साल, मुळं आली कुठून? हेलमाँट म्हणाला, पाण्यातून. अर्धंच बरोबर होतं. बाकीचं हवेतून आलं होतं. हवेत फक्त 0.04 टक्क्यांच्या आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड पानं वेचून घेतात आणि उन्हाच्या बळावर त्याची पाण्याशी सांगड घालून साखर करतात. वाळलेल्या झाडाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा या हवा-पाण्याचाच असतो. तुळशीवृंदावनातली तुळस, गच्चीवरचा कढीपत्ता, दारातला आंबा, सगळं मुख्यतः हवा-पाण्याचं बनलेलं आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, खत म्हणजे झाडाचं जेवण नव्हे. जेवण ऊन आहे. खतातून मिळतात ते नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर क्षार, लागतात थोडे पण लागतातच. जास्त घातले तर ते क्षार मातीतलं पाणी स्वतःकडे धरून ठेवतात, मुळांना ओढता येत नाही आणि पानांची टोकं करपतात. चार चिमटी मिश्रखताऐवजी मूठभर गांडूळखत किंवा निंबोळी पेंड, तीही ओल्या मातीत. माझं मत विचाराल तर नवशिक्याने रासायनिक खताच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि इथे आपले डोळेच आपल्याला चकवतात. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. दिवाणखान्यात, खिडकीपासून थोडं आत, काहीशे लक्स. शेकडो पटींचा फरक! आपली बाहुली विस्फारते आणि आपल्याला ‘चांगला उजेड आहे की’ असं वाटतं. गुलाबाला तसं काही वाटत नाही. त्याच्या लेखी ती उपासमार असते. गुलाब, जास्वंद, मोगरा, तुळस यांना चार-सहा तासांचं थेट ऊन हवंच. ते नसेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट यांच्याशी मैत्री करा. ती जंगलातल्या सावलीत किंवा कमी उजेडात तग धरायला शिकलेली मंडळी आहेत.

हवा आत घ्यायची तर पानाला दारं उघडावी लागतात. पानाच्या खालच्या बाजूला, एका चौरस मिलिमीटरमध्ये कित्येकदा शंभराहून जास्त सूक्ष्म रंध्रं असतात. ती उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेने पाण्याची वाफ निसटते. 1724 मध्ये इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाच्या कुंडीवर शिशाचं झाकण पक्कं बसवलं आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ तोलली. साडेतीन फुटांचं ते एक झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी 20 औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडत होतं. मे महिन्यात गच्चीवरच्या लहान कुंडीला दोनदा पाणी का लागतं आणि जुलैत आठवडाभर का लागत नाही, हे यात आलं. तारखा ठरवून पाणी घालू नका, हवा बघून घाला.

जास्वंद आता हातभर झाली आहे, पण एकच काठी सरळ वर चालली आहे. शेंडा खुडायला हात होत नाही ना? खुडा. शेंडा आहे तोवर खालच्या प्रत्येक पानाच्या बगलेतला डोळा झोपलेला असतो. शेंड्यातून उतरणारं आपलं ओळखीचं ऑक्सिन त्याला उठू देत नाही, असं गेली कित्येक दशकं शिकवलं जात होतं. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर बारकाईने पाहिलं, तेव्हा गोष्ट आणखी रंगतदार निघाली. शेंडा खुडल्यावर खालचे डोळे ऑक्सिन कमी होण्याआधीच हलायला लागतात! कारण वाढत्या शेंड्याची भूक प्रचंड असते, साखर तोच ओढून घेत असतो. तो गेला की साखर काही तासांत खालच्या डोळ्यांपर्यंत पोचते आणि ते जागे होतात. ऑक्सिनचं काम मागून येतं.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या त्याही याच हिशेबाने. बी धरायला लागलं की झाड आपली पुंजी तिकडे वळवतं आणि पानं जून, विरळ होत जातात. मंजिरी कोवळी असतानाच, खालच्या दोन पानांसकट खुडली की त्या जागी दोन फांद्या येतात. मोगऱ्याचं गणित थोडं वेगळं, त्याला फुलं नव्या फुटीवर येतात. म्हणून थंडीच्या शेवटी छाटणी करायची, उन्हाळ्यात कळ्या मिळतात.

आणि शेवंती! नवरात्राच्या आसपास ती कळ्यांनी भरते. तिला महिना कोण सांगतं?

1918 च्या जुलैत अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलार्ड तंबाखूच्या एका वाणाने हैराण झाले होते. उन्हाळाभर तो नुसता उंच वाढायचा, फुलायचाच नाही. त्यांनी खत, पाणी, ऊब सगळं बदलून पाहिलं होतं. शेवटी कुंड्या रोज दुपारी चारच्या सुमारास अंधाऱ्या खोपटात नेऊन सकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. झाडं फुलली! ती दिवसाची लांबी मोजत होती. पुढे 1938 मध्ये आणखी बारीक गोष्ट कळली. झाड खरं मोजतं ते रात्र, आणि तीही सलग. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी मोजणी पुसली जाते.

शेवंती हे असंच लांब रात्रीचं झाड. पुण्यात सगळ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. दोन सव्वादोन तासांच्या फरकातला बारीकसा बदल ती पकडते. पकडतं कोण? पान. मॉस्कोत मिखाईल चायलाख्यान यांनी 1930 च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग केला. खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि वरचा भाग पानं काढून उजेडात ठेवला. फुलं आली वरच्या भागाला! पानाला रात्र कळली आणि निरोप शेंड्याला गेला. तो निरोप म्हणजे एक छोटं प्रथिन आहे, हे 2007 मध्ये सिद्ध झालं.

तेव्हा शेवंतीचे शेंडे जुलै-ऑगस्टपर्यंत खुडत राहा आणि नंतर हात आवरा, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. कोजागिरी उलटली तरी कळी दिसत नसेल तर खत शोधण्याआधी रात्री गॅलरीत जाऊन उभे राहा आणि झाडावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो का ते बघा. पडत असेल तर कुंडी आडोशाला सरकवा. तशी जागाच नसेल तर संध्याकाळी सहाला जाड काळं कापड किंवा खोकं तिच्यावर घालायचं आणि सकाळी आठला काढायचं, सलग तीन-चार आठवडे, मध्ये एकही रात्र न चुकवता.